लॅपटॉप घेताना आधी बघा: नंतर काय बदलता येणार नाही?

“मामा, आय फाईव्ह आहे, पाचशे बारा एसएसडी आहे, बॅग फ्री देतायत. घेऊ का?”

गेल्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या एका दुकानातून भाचीचा हा मेसेज आला. वालचंद कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला नंबर लागलेला, रोज तासगावहून एसटीनं ये-जा, बजेट साठ हजार. मी लिहिलं, “मशीनच्या खालच्या स्टिकरचा फोटो पाठव, आणि मी येईपर्यंत पैसे देऊ नकोस.” मग ऑफिसातून तासाभराची सवड काढून गेलो. त्या तासाभरात आम्ही काय तपासलं आणि त्याआधीची काही वर्षं घरच्यांसाठी, मित्रांसाठी लॅपटॉप घेताना मी काय शिकलो, ते इथं क्रमानं लिहितो. त्यातलं काही शिक्षण फी भरून झालंय.

ती फी आधी सांगतो. २०२१ मध्ये बायकोसाठी एक पातळ, देखणा लॅपटॉप घेतला. ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) होती. दुकानदार म्हणाला, “साहेब, पुढं कधीही वाढवून मिळेल.” वर्षभरात ब्राउझरच्या पाच-सहा टॅब आणि व्हिडिओ कॉल एकदम चालू झाला की मशीन जागच्या जागी बसायला लागलं. रॅम टाकायला नेलं. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं आणि मलाच आत बोलावलं. रॅमच्या चार काळ्या चिपा थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या, पट्टी खोचायला खाचच नाही. “आता यात कुठं टाकू, तुम्हीच सांगा,” तो म्हणाला.

तेव्हापासून मी लॅपटॉपचे दोन ढीग करून बघतो. प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, स्क्रीन, कीबोर्ड, पोर्ट आणि वजन एका बाजूला. हे मशीन असेतोवर तसंच राहणार. एसएसडी (फाइली साठवायची जागा), बॅटरी आणि खाच असेल तर रॅम दुसऱ्या बाजूला. हे नंतर बदलता येतं. पैसा पहिल्या ढिगावर टाकायचा. दुकानातल्या पाटीवर मात्र बहुतेक दुसऱ्याच ढिगाचे आकडे ठळक लिहिलेले असतात.

कागदावर सॉफ्टवेअरची नावं लिहा

“कुठल्या कंपनीचा घेऊ?” हा प्रश्न लोक पहिला विचारतात. तो शेवटी विचारायचा. आधी रोज काय चालवणार ते कागदावर लिहा. “कॉलेजसाठी”, “ऑफिससाठी” असं मोघम नको. टॅली, एक्सेल, ऑटोकॅड, यंत्रांच्या डिझाइनचं सॉलिडवर्क्स, फोटोशॉप अशी नावं हवीत. त्या त्या सॉफ्टवेअरच्या साइटवर किमान आणि शिफारस केलेल्या गरजा दिलेल्या असतात. शिफारशीचा रकाना वाचा. किमान रकान्यावर सॉफ्टवेअर उघडतं, काम होईलच असं नाही.

या कागदानंच बरेच पर्याय गळतात. माझ्या ओळखीचे एक कर सल्लागार मॅकबुकवर जीव जडवून बसले होते. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, मॅकवर थेट बसत नाही, सॉलिडवर्क्सचंही तेच. स्नॅपड्रॅगन एक्स चिपवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम असतात आणि इंटेल-एएमडीसाठी लिहिलेली बहुतेक साधी सॉफ्टवेअरही चालवून घेतात. पण ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला, ती सोय नाही. तो खास त्या चिपसाठीच लिहिलेला लागतो. डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर, बारकोडचं यंत्र असल्या वस्तू तिथं अडतात, आणि ते नेमकं रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला कळतं.

आडतीवर दिवसभर आकडे भरायचे असतील तर नंबर पॅड हवाच. तो बहुतेक १५.६ इंची मशीनला मिळतो, १४ इंचीला सहसा नसतो. हळदीच्या सौद्यानंतर शंभर हिशेबपट्ट्या वरच्या ओळीतले आकडे दाबून करून बघा, संध्याकाळी मनगट सांगेल. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आधीपासून आहे आणि २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे.

प्रोसेसर: नुसतं आडनाव पुरत नाही

आय फाईव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं आडनाव. “आय फाईव्ह आहे” म्हणणं म्हणजे सांगलीत “पाटील आहेत का?” असं विचारणं. कुठले पाटील? पूर्ण नंबर वाचल्याशिवाय काही कळत नाही.

दोन नमुने घ्या: आय ५-१२३५यू आणि आय ५-१२४५०एच. दोन्ही १२ व्या पिढीचे आय फाईव्ह. पाटीवर पहिल्याला १० कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) लिहितात, दुसऱ्याला ८. दहावाला भारी वाटतो ना? त्या दहांत मोठे, दमदार कोर दोनच आहेत. उरलेले आठ वीज वाचवणारे, हलक्या कामाचे. आठवाल्यात मोठे चार आणि छोटे चार. शेवटच्या अक्षरात बाकीचं आहे. यू म्हणजे मूळ १५ वॉटचा, बॅटरी जपणारा. एच म्हणजे ४५ वॉटचा, ताण सहन करणारा. एक्सेल, टॅली, ब्राउझर, ऑनलाइन क्लास एवढंच असेल तर यू भरपूर झाला, मशीनही हलकं आणि गार राहतं. ड्रॉइंग, रेंडरिंग, व्हिडिओ एडिटिंग असं तासन्‌तास चालणारं काम असेल तर एच घ्या. म्हणूनच “आय सेव्हन आहे” म्हणून यू अक्षराचं महाग मशीन घेणाऱ्याला जड कामात एच अक्षराचा आय फाईव्ह मागं टाकू शकतो.

एएमडीच्या रायझनमध्ये गोम वेगळ्या ठिकाणी आहे. ७००० आणि ८००० मालिकेच्या लॅपटॉप चिपांत तिसरा आकडा वाचायचा. आतली रचना कुठल्या पिढीची ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी शेजारी ठेवलेले असतात, नावात एका आकड्याचा फरक. पहिल्यात तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, मूळ २०१९ मधली रचना आणि ४ कोर. दुसऱ्यात ३, म्हणजे झेन ३ आणि ६ कोर. शिवाय ७५२०यू बरोबर येणारी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ८ जीबीचं मशीन घेतलं तर ते शेवटपर्यंत ८ जीबीचंच.

इंटेलनं २०२३ च्या अखेरीपासून नवीन चिपांना कोअर अल्ट्रा आणि बिन-आयची कोअर ५, कोअर ७ अशी नावं दिली. तिथंही शेवटचं अक्षर वाचण्याची सवय कामी येते. अल्ट्राच्या २०० मालिकेत शेवटी व्ही असेल तर रॅम चिपच्या पॅकेजातच असते, वाढवायचा प्रश्नच नाही. आणि नुसतं “इंटेल प्रोसेसर एन १००” लिहिलेलं स्वस्त मशीन दिसलं, तर त्यात चार छोटे कोर आहेत, मोठा एकही नाही. अभ्यासाचे व्हिडिओ बघायला आणि पत्र टाइप करायला चालेल. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला नाही.

रॅम: किती आणि कशी बसवलेली

विंडोज ११ साठी कागदोपत्री ४ जीबी पुरते. प्रत्यक्षात आज ८ ला किमान धरा, आणि चार-पाच वर्षं मशीन चालवायचं असेल तर १६. सॉलिडवर्क्सच्या गरजांची यादीच १६ जीबीपासून सुरू होते. दोन मशीनमध्ये अडलात, एकात आय सेव्हन आणि ८ जीबी, दुसऱ्यात आय फाईव्ह आणि १६ जीबी, तर मी डोळे झाकून दुसरं उचलतो.

आता दुकानातली तपासणी. मांडून ठेवलेला लॅपटॉप चालू असतोच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्सवर जा, मग मेमरी. उजवीकडं खाली बारीक अक्षरांत तीन-चार ओळी दिसतात. “फॉर्म फॅक्टर” समोर “सोडिम” असेल तर रॅम पट्टीची आहे, काढता-घालता येते. “रो ऑफ चिप्स” असेल तर सोल्डर केलेली, माझ्या २०२१ च्या मशीनसारखी. वर “स्लॉट्स यूज्ड” लिहिलेलं असतं. १ ऑफ २ म्हणजे एक खाच रिकामी. काही मशीनमध्ये थोडी रॅम बोर्डावर आणि एक खाच मोकळी अशी मिसळ असते, म्हणून कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा तक्ता उघडून कमाल रॅम किती चालते तेही बघा. मी हे करत होतो तेव्हा काउंटरवरचा पोरगा भाचीला म्हणाला, “तुमचे मामा आयटीत आहेत का?” मी एका कचेरीत टेबलावर बसतो. हे कुणालाही दोन मिनिटांत जमतं.

एक १६ ची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावलेल्या बऱ्या. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनचं चित्राचं कामही याच रॅममधून चालतं, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही, तेव्हा प्रकार टिपून ठेवा. “नंतर टाकू” याचा एक धोकाही आहे: २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले, की थांबलेल्यांचा हिशेब कोलमडला. मशीनसोबत दुकानदार जोडून देईल त्या पट्टीचा भाव आणि बाजारातला भाव त्याच दिवशी ताडून बघा.

एसएसडीवर फार वेळ घालवू नका. एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) असावी, ५१२ जीबी असावी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला शंभर-दीडशे एमबी, साध्या साटा एसएसडीचा साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमईचा काही हजार. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याचा फरक कुणालाही जाणवतो. एनव्हीएमईच्या जेन ३ पिढीवरून जेन ४ वर गेल्याचा रोजच्या कामात जवळजवळ नाही. फक्त “ईएमएमसी” लिहिलेलं, म्हणजे बोर्डावरचं संथ, स्वस्त स्टोरेज असेल तर पुढं चला. आणि घरी गेल्यावर ५१२ च्या जागी ४७६ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी १,००० च्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या, एवढाच तो फरक.

स्क्रीनकडं दहा मिनिटं बघा

रोज सहा-आठ तास डोळे जिथं लावायचे, ती गोष्ट लोक दहा सेकंदांत उरकतात. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० हे किमान. १३६६ बाय ७६८ चं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी नको. १९२० बाय १२०० मिळालं तर एक्सेलच्या चार ओळी जास्त दिसतात.

त्यानंतर उजेड. तक्त्यात तो निट्समध्ये लिहिलेला असतो. बऱ्याच मशीनला २५० असतात. खिडकीपाशी किंवा पत्र्याच्या शेडच्या उघड्या दाराशी बसणाऱ्याला ३०० च्या पुढचे हवेत. रंगासाठी “४५ टक्के एनटीएससी” वाचलं की समजायचं, लाल रंग विटकरी दिसणार. फ्लेक्स, लग्नपत्रिका, फोटो, व्हिडिओ असलं काम असेल तर “१०० टक्के एसआरजीबी” शिवाय घेऊ नका, नाहीतर पडद्यावरची हळद एक आणि छापून आलेली दुसरी.

दुकानात चार्जर काढून ब्राइटनेस पूर्ण करा, एक फोटो उघडा आणि झाकण मागं कलवत न्या. आयपीएस पॅनलवर फोटो तसाच राहतो. साध्या टीएन पॅनलवर चेहरे काळवंडतात किंवा पांढरे पडतात. मग वर्ड उघडून एक परिच्छेद टाइप करा. कीबोर्ड मधोमध दाबल्यावर लचकतोय का, एंटर आणि बाणांच्या कळा नीट आकाराच्या आहेत का, हे बोटांनाच कळतं.

सारखं नाव असलेल्या दोन मशीनमध्येही स्क्रीन वेगळी असू शकते. मॉडेल कोडची शेवटची चार-पाच अक्षरं दुकानातल्या आणि ऑनलाइन दिसणाऱ्या मशीनची जुळवून मगच किमतीची तुलना करा.

ग्राफिक कार्डचा वाद

इथं आमचं आणि दुकानदाराचं जुंपलं. त्याचं म्हणणं, “मेकॅनिकल आहे, गेमिंगचाच घ्या, आरटीएक्स ३०५० चा.” भाचीलाही कीबोर्डखालचे रंगीत दिवे आवडलेले. मी तिला विचारलं, “पहिल्या वर्षी काय आहे?” इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि प्रोग्रामिंग. ऑटोकॅडचं टूडी काम बहुतांशी प्रोसेसरच्या एका कोरच्या वेगावर चालतं, त्याला कार्ड लागत नाही. सॉलिडवर्क्समधले विद्यार्थ्यांचे लहान भाग हल्लीच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक ओढून नेतं. शेकडो भागांची जोडणी, रेंडरिंग, ब्लेंडर, फोर-के व्हिडिओ किंवा गेम असतील तर कार्ड हवंच. मग त्याची मेमरी ६ जीबी आहे का आणि ते किती वॉटवर चालतं ते बघा. तेच कार्ड कमी वॉटच्या पातळ मशीनमध्ये बरंच मागं पडतं.

कार्डवाल्या मशीनचं वजन सव्वादोन किलोच्या घरात, वर विटेएवढा चार्जर. मी तिच्या पाठीवर ते अडकवलं आणि म्हटलं, “आता तासगाव एसटीत उभी राहा, सकाळची.” ती हसली आणि दिव्यांचा विषय संपला. तिच्या जागी रोज गाडीनं फिरणारा आर्किटेक्ट असता तर मी उलटा सल्ला दिला असता.

बॅटरी, उष्णता आणि हळद

“दहा तास बॅकअप” हे पाटीवरचं वाक्य सोडून द्या, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते बघा. बॅटरी ४१ वॉट-अवरची आणि साधं काम ८ वॉट खातं असं धरलं तर ५ तास. हाच हिशेब ६० ला करा, साडेसात. एच प्रोसेसर जड काम करताना याच्या कितीतरी पट खातो. टाइप-सी यूएसबी पोर्टमधून चार्जिंग होतं का ते विचारा. काही मशीनवर तो पोर्ट फक्त डेटाचा असतो. टोकन आणि पेन ड्राइव्हसाठी निदान दोन जुने रुंद यूएसबी पोर्ट आणि कॉलेजच्या प्रोजेक्टरसाठी एचडीएमआय असावा.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. हवा ओढायची जाळी बहुतेक मशीनच्या पोटाला असते आणि आपण लॅपटॉप गोधडीवर ठेवतो. जाळी बंद झाली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि लोक म्हणतात “हँग होतोय”. एका हळद व्यापाऱ्याचा लॅपटॉप दुरुस्तीला उघडला तेव्हा मी तिथंच होतो. पंख्याची पाती पिवळीधमक, जाळीवर हळदीचा पापुद्रा, ब्रशनं झाडल्यावर टेबलावर चमचाभर पडली. गोदामात वापरायचा असेल तर पंखा नसलेलं किंवा कमी वॉटचं मशीन बघा, नाहीतर सहा महिन्यांनी सफाईचा खर्च धरा.

वापरलेला घ्यायचा असेल तर

मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप कमी बजेटला खरोखर चांगले असतात; कीबोर्ड आणि सांगाडा नव्या स्वस्त मशीनपेक्षा दणकट. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची ८ वी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. “विंडोज ११ टाकून देतो” असं म्हणत ६ व्या पिढीचं मशीन गळ्यात मारलं जातं. ते बसतं, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर राहून. विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढायला सांगा. डिझाइन कपॅसिटी आणि आताची फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करा. मशीन बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरून बघा. पासवर्ड मागितला तर परत द्या.

बिल करताना

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ५९,००० च्या बिलात ९,००० कराचे असतात. दुकान, क्लिनिक, क्लास यांची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर टाकून घ्या, म्हणजे पात्र असाल तर तेवढ्याची वजावट मागता येते. “बिल नको असेल तर कमी करतो” याला भुलू नका; वॉरंटीच्या वेळी बिलच लागतं.

पैसे देण्याआधी खोक्यावरचा, मशीनखालचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे का ते बघा आणि कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते तपासा. सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली तर मशीन मांडणीतलं असू शकतं. वॉरंटी ऑनसाइट आहे की नेऊन द्यायची, आणि नेऊन द्यायची तर सांगलीत, कोल्हापुरात की पुण्यात, हे तोंडी नको, लेखी घ्या. सोबत येणारं ऑफिस पहिल्यांदा ज्या ईमेलवर चालू करता त्या खात्याला चिकटतं, म्हणून दुकानदाराला त्याच्या आयडीवर सेटअप करू देऊ नका. “नो कॉस्ट ईएमआय” घेताना रोखीची सूट किती बुडते आणि प्रोसेसिंग फी किती, एवढं विचारा.

भाचीनं शेवटी आय ५-१३४२०एच चं, कार्ड नसलेलं, ३०० निट्सच्या आयपीएस स्क्रीनचं मशीन घेतलं. रॅम ८ जीबी, एक खाच रिकामी. झाकण उघडल्यानं वॉरंटीला बाध येणार नाही, हे आम्ही कंपनीच्या हेल्पलाइनला विचारून घेतलं आणि सप्टेंबरात तशीच दुसरी पट्टी आणली. घरच्या टेबलावर मशीन बंद केलं, चार्जर काढला, खालचे स्क्रू वाटीत ठेवले, आधी बॅटरीची वायर सोडवली. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवायची आणि वरून हलकेच दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज येतो. तो आवाज तिनंच काढला. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन मिनिटभर काळीच राहिली आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “थांब, नवी रॅम ओळखतंय ते.” मग विंडोज उघडलं आणि तिनं तिन्ही कळा एकदम दाबल्या. स्लॉट्स यूज्ड: २ ऑफ २.